हातावर पोट आणि नखांचा सोरायसिस

जव्हार-मोखाड्याच्या डोंगरपट्ट्यात माणसाची नखं बाराही महिने कामाला जुंपलेली असतात. पावसात आवणी सुरू झाली की राबातली रोपं उपटायची, मुळांचा चिखल झटकून मुठी बांधायच्या आणि त्या मुठीतल्या दोन-चार काड्या अंगठा नि दोन बोटांच्या चिमटीत धरून गाळात रोवायच्या. पाऊस सरला की नागली-वरईची कापणी, उन्हाळ्याच्या तोंडाशी पहाटे मोहाखाली सांडलेली फुलं वेचणं, अधेमधे बांबूच्या कामट्या तासून टोपल्या-सुपं विणणं, आणि गावात काम नसलं की दिवाळीनंतर वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जाणं. या कुठल्याच कामात बोटाच्या शेवटच्या पेराला आणि त्यावरच्या नखाला उसंत नसते. अशा हाताच्या नखांना तीव्र सोरायसिस झाला, तर त्यावर बायोलॉजिक, म्हणजे जिवंत पेशींच्या मदतीनं तयार केलेलं महागडं इंजेक्शन देणं योग्य आहे का, आणि ते सरकारी आरोग्यव्यवस्थेनं द्यावं का, हा इथला प्रश्न आहे.

आधी आजाराचं रूप पाहू. सोरायसिसमध्ये शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच त्वचेवर उलटते. टीएनएफ, आयएल-17, आयएल-23 असे दाह पेटता ठेवणारे रेणू सतत स्रवत राहतात आणि त्वचेच्या पेशी नको इतक्या वेगानं वाढतात. हा दाह नखाच्या मुळाशी झाला तर नखावर टाचणीनं टोचल्यासारखे खळगे पडतात, नख खरखरीत होतं आणि त्याचा भुगा पडू लागतो. नखाखालच्या मऊ भागात झाला तर नखाआड तेलाचा थेंब अडकल्यासारखा पिवळट-तांबूस डाग दिसतो, खाली भुसभुशीत खपली साठते आणि नख टोकाकडून सुटत जातं. सुटलेल्या नखाखाली चिखल, शेण, भाताचं तूस जाऊन बसतं, आणि जरा कशाचा धक्का लागला तरी कळ मस्तकात जाते. सोरायसिसच्या निम्म्याच्या आसपास रुग्णांना नखांचा त्रास असतो. आयुष्यात कधी ना कधी तो होणाऱ्यांचं प्रमाण तर 80 ते 90 टक्क्यांपर्यंत सांगितलं जातं. पुढच्या वादातला पूर्वपक्ष आदिवासी भागातल्या सार्वजनिक आरोग्याची काळजी वाहणाऱ्यांचा आहे आणि उत्तरपक्ष माझा. पूर्वपक्षाचे मुद्दे खरे आणि वजनदार आहेत, म्हणून ते त्यांच्या पूर्ण ताकदीनिशी घेतले आहेत.

पूर्वपक्ष : तुम्ही कुठल्या भागाबद्दल बोलताय ते आधी ध्यानात घ्या. 1992 साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणानं बालकं दगावली, तेव्हा कुठे उभ्या महाराष्ट्राचं लक्ष या डोंगरांकडे गेलं. 1 ऑगस्ट 2014 ला ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला, पण पाड्यापासून दवाखान्यापर्यंतची वाट त्यामुळे आपोआप सोपी झाली नाही. जव्हार आणि मोखाडा या दोन्ही तालुक्यांत दहापैकी नऊहून अधिक लोक अनुसूचित जमातींचे आहेत. त्यांच्या आरोग्याचे प्रश्न आपल्याला तोंडपाठ आहेत : बाळंतीण वेळेवर दवाखान्यात पोचणं, बाळाचं वजन, बायकांच्या अंगात रक्त नसणं, सर्पदंश, क्षय, कुष्ठरोग. सरकारी पैसा मोजका असतो. ज्या रुपयानं जास्तीत जास्त जीव वाचतात तो रुपया आधी खर्च करायचा, हा सार्वजनिक आरोग्याचा पहिला धडा. नख खराब झालं म्हणून कुणी मरत नाही. शहरातल्या खाजगी दवाखान्यात ज्याला परवडतं त्यानं खुशाल घ्यावं हे इंजेक्शन. वावर-वांगणीच्या तालुक्यात त्याचा विषय काढणं म्हणजे अग्रक्रम उलटा करणं आहे.

उत्तरपक्ष : तुमच्या अग्रक्रमाशी माझं भांडण नाही. नखांचा सोरायसिस त्या यादीत तळाला कुठल्या मोजमापानं गेला, एवढं मात्र तपासून पाहू. सोरायसिस किती तीव्र आहे हे ठरवायला जगभर जो पासी नावाचा निर्देशांक वापरतात, तो 1978 साली मांडला गेला. डोकं, धड, हात आणि पाय यांच्यावरच्या चट्ट्यांचा लालसरपणा, जाडी, खपली आणि व्याप्ती यांना त्यात गुण मिळतात. नखांना त्यात एकही गुण नाही. दुसरं मोजमाप अंगाच्या क्षेत्रफळाचं. रुग्णाचा एक तळवा म्हणजे साधारण एक टक्का, आणि दहा टक्क्यांवर त्वचा बाधित झाली की आजार तीव्र. दहाही बोटांची नखं एकत्र केली तरी एक तळवा भरत नाही. म्हणजे जिची दहाही नखं सुटली आहेत, जिला रोप चिमटीत धरता येत नाही, तिचा आजार कागदावर सौम्य ठरतो, आणि ज्याच्या सदऱ्याखाली पाठभर चट्टे आहेत पण हात धड आहेत त्याचा तीव्र. हे मोजमाप अपुरं आहे हे तज्ज्ञांनीही मान्य केलं आहे. 2011 मध्ये युरोपातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी एकमतानं सांगितलं, की हाताची किमान दोन नखं सुटली किंवा विद्रूप झाली असतील तर कमी क्षेत्रफळाचा आजारही मध्यम ते तीव्र धरावा. 2020 मध्ये इंटरनॅशनल सोरायसिस कौन्सिलनं तर टाळू, तळवे, तळपाय, जननेंद्रिय यांसारख्या खास जागी आजार असणं हेच पोटातून किंवा इंजेक्शनानं औषध देण्याचं पुरेसं कारण मानलं. त्या खास जागांत नखं येतात. माझं म्हणणं याच दिशेनं एक पाऊल पुढचं आहे : ज्याचं हातावर पोट आहे त्याच्या नखांच्या आजाराची तीव्रता हाताच्या कामावरून ठरवावी. तसं मोजलं की हा आजार यादीत बराच वर सरकतो.

आता ‘नखानं कुणी मरत नाही’ या मुद्द्याकडे येतो. नखाचं मूळ आणि बोटाचा शेवटचा सांधा यांच्यात काही मिलिमीटरचंच अंतर असतं. बोट सरळ करणारा स्नायुबंध हाडाला जिथे चिकटतो, तिथूनच त्याचे तंतू नखाच्या मुळाभोवती पसरतात. त्यामुळे नखातला दाह पुष्कळदा सांध्यातल्या दाहाचं पहिलं उघड लक्षण असतो. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या ओल्मस्टेड परगण्यातल्या 1,593 सोरायसिस रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा नखं विद्रूप असलेल्यांना सोरायसिसचा संधिवात होण्याचा धोका इतरांच्या सुमारे तिप्पट आढळला. तो अभ्यास 2009 चा. पुढे 2015 मध्ये डब्लिनच्या डॉक्टरांनी दाखवलं, की या संधिवाताचं निदान सहा महिने जरी लांबलं तरी सांध्याची हाडं झिजण्याची शक्यता वाढते. झिजलेलं हाड कुठल्याही औषधानं भरून येत नाही. बोट वाकडं झालं की आवणीची मजुरी गेली, टोपली विणणं गेलं, भट्टीवरची उचल फेडणं अवघड झालं. ज्या घरात आईचा हात चालत नाही त्या घरातल्या बाळाच्या ताटात काय पडतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. कुपोषणाचा आणि या आजाराचा हिशेब वेगवेगळ्या वह्यांत मांडला, तरी पैसा एकाच घरातून जातो.

पूर्वपक्ष : मोजमापाचा मुद्दा समजा मानला. पण आजार ओळखणार कोण? चार महिने चिखलात राबणाऱ्या हातापायांची जाड, पिवळी, सुटलेली नखं बहुतेक वेळा बुरशीची असतात. मार लागून नख सुटतं, भट्टीच्या कामात घासून झिजतं, कुष्ठरोगात हात बधिर झाले की न कळत जखमा होऊन विद्रूप होतं. तालुक्याच्या ठिकाणी त्वचारोगतज्ज्ञ रोज कुठून आणायचा? नाशिक 80 किलोमीटर, मुंबई त्याहून लांब. भलत्याच नखावर सव्वा लाखाचं औषध गेलं तर त्याचं उत्तर कोण देणार? शिवाय सोरायसिसवर स्वस्त औषधं आहेतच. मेथोट्रेक्सेटची गोळी काही रुपयांना मिळते आणि ती सरकारी यादीत आहे. तीच अजून धडपणे दिली जात नाही, आणि तुम्ही थेट शिखर गाठायला निघालात.

उत्तरपक्ष : इथे मी तुमच्या बाजूचा आहे. पहिली पायरी नीट बांधल्याशिवाय शेवटच्या पायरीला हात घालू नये. बुरशी आहे की नाही हे पाहायला लागतं काय? सुटलेल्या नखाखालचा भुगा खरवडून काचपट्टीवर घ्यायचा, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकायचा, थोडा वेळ थांबायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे तंतू शोधायचे. क्षयाची थुंकी आणि हिवतापाचं रक्त तपासायला सूक्ष्मदर्शक ग्रामीण रुग्णालयात असतोच. ही तपासणी न करता महिनोन्‌महिने बुरशीच्या गोळ्या देणं हा पैशाचा अपव्यय आहे, आणि तोही गरिबाच्याच खिशातून होतो. अर्थात बुरशी सापडली म्हणजे सोरायसिस नाही असंही नाही, कारण बिघडलेल्या नखात बुरशी नंतर येऊन राहू शकते. म्हणून टाळू, कोपरं, गुडघे, बेंबी, कानामागची त्वचा यांवर चट्टे आहेत का, सकाळी बोटं आखडतात का, एखादं बोट अख्खं सुजलं आहे का, हे विचारायला आणि पाहायला शिकवावं लागेल. एवढं परिचारिका आणि आशा कार्यकर्तीही शिकू शकते. कुष्ठरोगाच्या शोधमोहिमेत बधिर चट्टा ओळखायला आपण त्यांना शिकवलंच आहे. नखांचे स्पष्ट फोटो ई-संजीवनी या सरकारी दूरसल्ला सेवेवरून तज्ज्ञापर्यंत पोचवणं आज शक्य आहे, आणि नखाचा आजार डोळ्यांनी ओळखण्याजोगा असल्यानं दुरून सल्ला घ्यायला तो सोयीचाही आहे.

उपचारांचीही शिडीच असावी. नखं आखूड ठेवणं, नखाखाली काडी घालून न कोरणं, कारण खरवडलं की सोरायसिस तिथेच अधिक उसळतो. तीनपर्यंतच नखं बाधित असतील तर मलम, किंवा नखाच्या मुळाशी ट्रायअ‍ॅमसिनोलोनचं इंजेक्शन. ते दुखतं, पण स्वस्त आहे आणि बोट बधिर करून देता येतं. नखं त्याहून जास्त असतील तर मेथोट्रेक्सेट. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुर्कस्तानातल्या एका तुलनेत 24 आठवड्यांच्या मेथोट्रेक्सेटनं नखांचे गुण सरासरी सुमारे 43 टक्क्यांनी सुधारले. ती चाचणी लहान होती, तरी फरक दिसण्याजोगा आहे. मात्र ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, आणि रोज घेतली तर जिवावर बेतते. गरोदर बाईला ती चालत नाही, यकृताची आणि रक्ताची तपासणी वेळोवेळी करावी लागते. त्यामुळे ‘स्वस्त गोळी आहेच की’ असं म्हणणाऱ्यांनी आठवड्याचा वार पाकिटावर चित्रानं दाखवायची आणि रक्त तपासायची व्यवस्थाही त्याच दमात मागितली पाहिजे. आणखी एक सांगतो. दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या स्टेरॉइडच्या मिश्र मलमांनी आणि गोळ्यांनी सोरायसिस काही दिवस दबतो, आणि औषध थांबलं की दुप्पट जोरानं, कधी पुवाच्या फोडांसकट, परत येतो. शिडीची खालची पायरी नसली की लोक पडतात ते इथे. एवढं सगळं नीट करूनही ज्यांचा हात सुधारत नाही, किंवा ज्यांना मेथोट्रेक्सेट देताच येत नाही, असे काही रुग्ण उरतात. माझा वाद फक्त त्यांच्यासाठी आहे.

पूर्वपक्ष : मग त्या उरलेल्यांबद्दल बोलू. बायोलॉजिकनं नखं बरी होतात याचा पुरावा काय? आणि धोक्याचं काय? टीएनएफ दडपणारी औषधं झोपलेला क्षय जागा करतात, हे तर सगळ्यांना ठाऊक आहे. जगातल्या क्षयरुग्णांपैकी जवळपास चौथा हिस्सा भारतात आहे. दाटीवाटीनं झोपड्यांत राहणाऱ्या भट्टीकामगाराला, अर्धपोटी बाईला असं औषध द्यायचं, म्हणजे नख वाचवताना फुप्फुस गमवायचं. ज्या चाचण्यांचे आकडे तुम्ही देणार, त्या युरोप-अमेरिकेतल्या धडधाकट लोकांवर झाल्या आहेत.

उत्तरपक्ष : पुराव्याचे आकडे आधी, कारण त्यांत आशाही आहे आणि मर्यादाही. खास नखांसाठी टीएनएफ दडपणाऱ्या अ‍ॅडालिमुमॅबची 217 रुग्णांवर चाचणी झाली, ती 2018 मध्ये प्रसिद्ध झाली. 26 आठवड्यांनी नखांच्या गुणांत किमान 75 टक्के सुधारणा झालेले रुग्ण औषध घेणाऱ्यांत 46.6 टक्के होते आणि नुसतं खोटं इंजेक्शन घेणाऱ्यांत 3.4 टक्के. आयएल-17 अडवणाऱ्या सेक्युकिनुमॅबच्या 198 रुग्णांच्या चाचणीत 16 आठवड्यांत गुण सरासरी 45 टक्क्यांनी सुधारले, खोट्या इंजेक्शनानं 11 टक्क्यांनी. पुढे अडीच वर्षं औषध चालू ठेवलेल्यांत ही सुधारणा 73 टक्क्यांपर्यंत गेली. म्हणजे फरक मोठा आहे, पण सहा महिन्यांत निम्म्याहून अधिक लोकांची नखं तेवढी सुधारलेली नव्हती. याचं एक कारण नखाच्या वाढीत आहे. हाताचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं, मुळापासून टोकापर्यंत नवं यायला सहा महिने लागतात, आणि पायाचं तर वर्ष-दीड वर्ष घेतं. म्हणून हे औषध महिनाभर देऊन ‘गुण आला नाही’ म्हणून सोडणं जितकं चुकीचं, तितकंच दोन-दोन वर्षं डोळे मिटून देत राहणंही. सांध्यांना मात्र नखांच्या आधी आराम पडू शकतो, आणि कष्टकरी हाताच्या दृष्टीनं तोच मोठा लाभ.

क्षयाचा धोका मी जराही कमी लेखत नाही. 2001 मध्ये इन्फ्लिक्सिमॅब हे टीएनएफ दडपणारं औषध घेतलेल्या 70 रुग्णांत क्षय झाल्याची नोंद प्रसिद्ध झाली. निम्म्यांना तो औषधाच्या पहिल्या 12 आठवड्यांतच झाला, आणि 40 जणांत तो फुप्फुसाबाहेर पसरला होता. ही नोंद निघाली म्हणूनच पुढे औषधाआधी छातीचा एक्स-रे आणि त्वचेची किंवा रक्ताची क्षयचाचणी करण्याचा नियम झाला. आपल्याकडे त्यापुढची वाटही तयार आहे. 2021 पासून राष्ट्रीय क्षय कार्यक्रमाच्या प्रतिबंधक उपचारांत टीएनएफ दडपणारी औषधं सुरू करणाऱ्यांचाही समावेश आहे. आयसोनियाझिड सहा महिने रोज, किंवा आयसोनियाझिड-रिफापेंटिन आठवड्याला एकदा असे 12 डोस. हा उपचार महिनाभर झाल्यावरच बायोलॉजिक सुरू करायचं, अशी पद्धत रूढ आहे. शिवाय आयएल-17 आणि आयएल-23 अडवणाऱ्या नव्या औषधांत क्षय जागा होण्याचा धोका टीएनएफ-विरोधी औषधांपेक्षा बराच कमी दिसला आहे. जिथे क्षयाचं ओझं मोठं आहे तिथे निवड त्या बाजूला झुकावी. सारांश, क्षयासाठी तपासणी करता येत नसेल तर हे औषध देऊ नये, या तुमच्या आग्रहावर मी सही करतो. पण तपासणी आणि प्रतिबंधक औषध दोन्ही आपल्या सरकारी केंद्रांत आधीपासून आहेत. जव्हारच्या माणसाला क्षयाची भीती दाखवून दाराबाहेर ठेवायचं आणि मुंबईच्या माणसाला तीच तपासणी करून औषध द्यायचं, हा न्याय नव्हे. परदेशी चाचण्यांबद्दल तुमचा आक्षेपही रास्त आहे, आणि त्याला उत्तर एकच : इथे औषध मिळणाऱ्या प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवावी, म्हणजे आपल्या लोकांचा पुरावा आपल्याच हातात येईल.

पूर्वपक्ष : आता पैशाचं बोला. 2024-25 साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला 297 रुपये होती. शंभर दिवस काम मिळालं तरी 29,700. तुमचं अ‍ॅडालिमुमॅबचं इंजेक्शन दर दोन आठवड्यांनी, म्हणजे वर्षाला 26. एकेक पाच हजारांना धरलं तरी 1 लाख 30 हजार. आणि हा रुग्ण दिवाळीनंतर भट्टीवर जाणार, पावसाआधी परतणार. मधले डोस चुकले की शरीर औषधाविरुद्धच प्रतिपिंडं तयार करतं आणि पुढे ते लागूच पडत नाही. औषध 2 ते 8 अंश सेल्सिअसला ठेवायचं, पाड्यावर वीज जाते. हे सगळं जमवणार कसं?

उत्तरपक्ष : रुग्णानं स्वतःच्या खिशातून घ्यावं असं मी म्हणतच नाही. तसं असेल तर हा वाद इथेच संपला. सरकारनं घ्यायचं म्हटलं की किमतीचा हिशेब बदलतो. अ‍ॅडालिमुमॅबचं जगातलं पहिलं बायोसिमिलर, म्हणजे मूळ बायोलॉजिकशी मिळतीजुळती आवृत्ती, भारतात, झायडस कॅडिलानं डिसेंबर 2014 मध्ये बाजारात आणलं, मूळ औषधाच्या सुमारे पाचव्या हिश्श्याच्या किमतीत. त्याआधी 2013 मध्येच बंगळुरूच्या बायोकॉननं सोरायसिससाठी इटोलिझुमॅब हे औषध भारतात आणलं होतं. मोठी खरेदी एकत्र झाली की किंमत कुठवर उतरते याचा दाखला इंग्लंडचा. तिथली सरकारी आरोग्यसेवा अ‍ॅडालिमुमॅबवर वर्षाला 40 कोटी पौंडांहून अधिक खर्च करत होती. एकाधिकाराची मुदत संपल्यावर नव्या निविदांमुळे वर्षाला सुमारे 30 कोटी पौंड वाचतील, असं तिनं नोव्हेंबर 2018 मध्ये जाहीर केलं. 2019 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनंही अ‍ॅडालिमुमॅबला अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. ते तीव्र संधिवातासारख्या आजारांसाठी घेतलं हे खरं, पण त्यामुळे ‘हे श्रीमंतांचं औषध’ हा शिक्का पुसला गेला. महाराष्ट्राला हा प्रकार नवा नाही. हिमोफिलियाच्या रुग्णांना रक्त गोठवणारे महागडे घटक ठाणे, नाशिक, सातारा, अमरावतीच्या सरकारी रुग्णालयांतल्या केंद्रांतून मोफत मिळू लागले, तेव्हाही आधी खर्चाचीच भीती होती.

आणि रुग्ण किती? भारतात प्रौढांमध्ये सोरायसिसचं प्रमाण 0.44 ते 2.8 टक्के सांगितलं जातं. 2011 च्या जनगणनेनुसार जव्हार आणि मोखाडा तालुक्यांची लोकसंख्या मिळून सव्वादोन लाखांच्या आसपास. मुलाबाळांसकट सरसकट अर्धा टक्का धरला तरी अकराशे, नखांचा त्रास असलेले त्यांच्या निम्मे. त्यातून सौम्य आजार, मलमानं सुधारणारे आणि मेथोट्रेक्सेट लागू पडणारे वजा केले की उरतात ते थोडेच. हा अंदाज आहे, पण त्यावरून एवढं कळतं की ही रांग गावभर लांबणारी नाही. साठवणीचं म्हणाल, तर लसींसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या शीतपेट्या आजही नेमकं 2 ते 8 अंशच राखतात. तीच शीतसाखळी चालेल, इंजेक्शन पाड्यावर न्यायची गरज नाही. स्थलांतर हा तुमचा सर्वांत बळकट मुद्दा आहे. क्षयाच्या रुग्णाला निक्षय नोंदणीमुळे दुसऱ्या तालुक्यात गेल्यावरही औषध चालू ठेवता येतं, तशी सोय इथे लागेल. जवळची सरकारी संस्था कुठली आणि पुढचा डोस कधी, हे कार्डावर लिहिलेलं हवं. आयएल-23 अडवणाऱ्या औषधांपैकी काही 12 आठवड्यांतून एकदाच द्यावी लागतात. ती आज महाग आहेत, पण स्थलांतर करणाऱ्या कामगारासाठी उद्याची खरेदी ठरवताना किमतीइतकंच दोन डोसांमधलं हे अंतर मोजलं पाहिजे. आणि ज्याला इंजेक्शनाचं वेळापत्रक पाळणं अशक्यच आहे, त्याच्यासाठी अ‍ॅप्रेमिलास्टच्या भारतीय बनावटीच्या गोळ्या आहेत. त्यांचा गुण कमी, पण शीतपेटी लागत नाही.

पूर्वपक्ष : मग शेवटचा प्रश्न. हे औषध आजार मुळातून घालवत नाही. थांबवलं की परत येतो. म्हणजे एकदा सुरू केलं की सरकार जन्मभर बांधलं गेलं. अशी दारं एकदा उघडली की बंद करता येत नाहीत. उद्या निधी आटला तर ज्याला दिलं त्याचं काढून घ्यावं लागेल, आणि ते न देण्यापेक्षा वाईट.

उत्तरपक्ष : मधुमेहाची, रक्तदाबाची औषधंही आजार मुळातून घालवत नाहीत, आणि ती द्यायची की नाही असा वाद आपण घालत नाही. पण निधीची भीती खरी आहे, आणि म्हणूनच दार उघडतानाच चौकट ठरवायला हवी. हाताची किमान दोन नखं सुटलेली, त्यातही कामाच्या हाताचा अंगठा किंवा तर्जनी असेल तर वजन अधिक. बुरशी तपासलेली. योग्य मात्रेत मेथोट्रेक्सेट दिलेलं आणि ते पुरं न पडलेलं, किंवा देता न येणारं. बोटाच्या सांध्यात दाह दिसत असेल तर थांबायचं नाही, लगेच तज्ज्ञाकडे पाठवायचं. क्षयाची तपासणी झालेली. सहा महिन्यांनी फेरतपासणी, आणि त्यात नखांच्या गुणांबरोबर हाताच्या कामाची नोंद. फरक नसेल तर औषध बंद किंवा बदल. सुरुवातीला जव्हारच्या पतंगशहा कुटीर रुग्णालयासारखं एखादं केंद्र वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडून, मोजक्या रुग्णांसाठी आणि तीन वर्षांचा निधी आधी बाजूला ठेवून हे करता येईल. यात कुणाला वाऱ्यावर सोडावं लागणार नाही, आणि तीन वर्षांनी पुढे जायचं की नाही हे नोंदी पाहून ठरवता येईल. महात्मा फुले जन आरोग्य योजनेची रचना मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन करायच्या उपचारांभोवती आहे. दर काही आठवड्यांनी येऊन इंजेक्शन घेऊन घरी जाणाऱ्या माणसाला तिच्यात जागा करायची, तर आधी त्याचा आजार तीव्र आहे हे मान्य करावं लागेल.

तुमचं सगळं ऐकून माझी मागणी आटोपशीर होते आणि ठामही होते. 2014 मध्ये जागतिक आरोग्य परिषदेनं ठराव करून सोरायसिसला वेदनादायी, विद्रूप करणारा, अपंगत्व आणणारा दीर्घ आजार म्हटलं. त्यातलं अपंगत्व कुणाच्या वाट्याला किती येतं, हे त्याच्या कामावर ठरतं. टेबलावर बसून काम करणाऱ्याला नखांचा सोरायसिस लाज आणतो आणि दुखतोही. हातानं जगणाऱ्याला तो शिवाय बेरोजगार करतो. म्हणून बायोलॉजिक देण्याच्या रांगेत, बाकी सगळं सारखं असताना, हातानं जगणारा पुढे असायला हवा. आज तो रांगेतच नाही, कारण आपण मोजतो ती त्वचा, आणि त्याचं नुकसान होतं ते नखात. औषधाच्या किमती उतरायला वर्षं लागतील, तज्ज्ञ नेमायलाही लागतील. पण बाह्यरुग्ण विभागाच्या कागदावर नखं आणि मजुरी हे दोन रकाने वाढवायला एका बैठकीपलीकडे काही लागत नाही, आणि ते वाढवल्याशिवाय पुढचा कुठलाच हिशेब खरा होणार नाही.